पंपाचा की वातीचा

"त्याइले सांगा, पंपाचा नोको."

कस्तुराबाई हे दुकानातल्या खांबाला सांगत होती. खांब सागवानी होता आणि त्याला दोरीनं कळश्या टांगलेल्या होत्या. हनुवटीपर्यंत पदर ओढून, दुकानाकडं पाठ करून ती उभी होती. "त्याइले" म्हणजे तिच्या भासऱ्याला, नवऱ्याच्या थोरल्या भावाला. जगदेव तिच्यापासून चार हातांवर गादीवर मांडी घालून बसला होता आणि त्याला सगळं ऐकू जात होतं. पण आमच्याकडच्या कुणबी घरांत भावजय भासऱ्याला तोंड दाखवत नसे, त्याच्याशी थेट बोलत नसे. बोलायची वेळ आलीच तर खांबाशी, भिंतीशी, नाही तर दावणीच्या गाईशी बोलायचं. भासऱ्यानंही उत्तर द्यायचं ते खांबालाच. अडलं तर मध्ये नवरा असायचा.

नवरा जानराव मध्येच उभा होता, टोपी हातात घेऊन.

वाशीमच्या बाजारातलं ते भांड्यांचं दुकान. आमचा भाग मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी त्यांचा शेजारी, मालेगावच्या अलीकडच्या त्या गावात शाळामास्तर होतो, आणि शाळेसाठी नकाशा घ्यायला त्यांच्याच दमणीतून, बैलांच्या हलक्या गाडीतून, आलो होतो. ही हकीकत मला नीट सांगता येईल की नाही याची शंका आहे. रागाबद्दल लिहिणं माझ्यासारख्या माणसाला जमत नाही. पण तो राग मी जवळून पाहिला आहे.

स्टोव्ह घ्यायचं ठरलं ते डोळ्यांमुळं. कस्तुराबाईचा डावा डोळा धुरानं आणि दुखण्यानं गेला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला उजेडाकडं बघायला लावून स्पष्ट सांगितलं होतं, आता चुलीपुढं बसायचं नाही, नाही तर उजवाही जाईल. जगदेवची बायको मागंच वारली होती, त्यामुळं घरातला स्वयंपाक एकट्या कस्तुराबाईवर. डॉक्टरांचं बोलणं ऐकून जगदेव म्हणाला होता, "मंग स्टोव्ह घेऊ. घेऊ तं एक नंबर घेऊ." माणूस वाईट नव्हता. पण घरात एखादी वस्तू यायची तर ती निवडायची त्यानं, मग ती बैलजोडी असो की पोळपाट.

दुकानदारानं दोन स्टोव्ह पुढं मांडले होते. एक पंपाचा, पितळी, घासून असा लखलखीत केलेला की त्यात जगदेवच्या मिशा दिसत होत्या. दुसरा वातीचा, पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, दिसायला ओबडधोबड.

"हा वातीचा म्हनजे पाहा भाऊ, गरिबाचा," दुकानदार म्हणाला. "ज्योत मऊ. अन् हा पंपाचा... ऐकाच तुमी."

त्यानं काकडा स्पिरिटमध्ये बुडवून पेटवला, बर्नर तापवला आणि पंप मारायला सुरुवात केली. निळी ज्योत उठली. स्टोव्ह असा घरघरायला लागला की बाहेर बांधलेल्या बैलांनी कान टवकारले.

"व्वा!" जगदेव ओरडला. "मोटारीवानी वाजते!"

"त्याइले सांगा, पंपाचा नोको!" कस्तुराबाई खांबाला पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्यानं.

"खांबाले विचारा, काहून नोको?" जगदेव हसत म्हणाला. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकंही हसली.

तिनं जानरावला बाही धरून ओढलं आणि त्याच्या कानाशी काही तरी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. आधी स्टोव्हच्या टोकाकडं बोट केलं, मग स्वतःच्या उजव्या डोळ्याकडं. जानराव मान हलवत राहिला. मग तो गादीपाशी आला, वाकला, इकडंतिकडं बघितलं आणि थोरल्या भावाच्या कानाशी बोलला. स्टोव्हच्या घरघरीत तिला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मी गादीच्या कडेला टेकलो होतो म्हणून मला ऐकू आलं.

"तिले आवाजाचा भेव वाटते, दादा."

"आवाजाचा?" जगदेव मांडीवर थाप मारून हसला. "सवय होईन! शेठ, बांधा हाच."

कस्तुराबाईनं त्याचं हसणं ऐकलं. पदराआडून तिनं एकदा जानरावकडं पाहिलं, आणि त्यानं मान खाली घातली. ती तरातरा चालत दमणीत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर स्टोव्ह जगदेवनं लेकरासारखा मांडीवर धरला होता.

घरी स्टोव्ह आला तसं गाव बघायला आलं. आठ-दहा दिवस जगदेव रोज सकाळी स्वतः पेटवून दाखवी, काकडा कसा धरायचा, पंप किती मारायचा, सगळ्यांना समजावून सांगे. तेवढा वेळ कस्तुराबाई कणगीच्या खोलीत उभी राही, कारण भासरा चुलीच्या खोलीत असताना तिनं तिथं असायचं नाही. तो बाहेर पडला की ती आत जायची. तोवर पिठाचा गोळा सुकलेला असायचा.

खरा घोळ नंतर सुरू झाला. आमच्या गावात घासलेट डब्यांतून यायचं आणि त्यात माती असायची. भाकर तव्यावर पडली की स्टोव्ह फुरफुरायचा आणि विझायचा. टोकाच्या भोकात कचरा बसायचा. तिथं पिन घालून ते मोकळं करावं लागे. भोक केवढं, तर सुईच्या टोकाएवढं. सकाळी दोघं भाऊ दिवस उगवायच्या आत शेतात जात. स्वयंपाक त्यानंतरचा. जेवण बांधून शेतात पोचवायचं तेही तिनंच.

भिंत सामाईक असल्यामुळं मला सगळं ऐकू यायचं. आधी घरघर, मग फुरफुर, मग शांतता. मग पितळेवर पिन खरवडल्याचा बारीक आवाज, पुन्हा पुन्हा, शिवी घातल्यासारखा. मग चिमटा भिंतीवर आदळायचा.

एका सकाळी जानराव विळा विसरला म्हणून परत आला होता.

"विझला ना पुन्हा?" तो म्हणाला.

"विझला. तुमच्या दादाची मोटार बंद पडली."

"आजचा दिवस चूल पेटव ना वं. संध्याकाळी दादा पिन मारन."

"परवा काय म्हनले? आजचा दिवस. त्याच्या आधी काय म्हनले? आजचा दिवस. किती आजचे दिवस हायेत तुमच्यापाशी?"

"मानसं भुकी राह्यतीन शेतात."

"अन् माहा डोळा?"

पलीकडं भिंतीवरून विळा काढल्याचा आवाज आला.

"त्याइले मालूम हाये सगळं. दुकानात सांगतलं त्याइले तुमी. तरी हसले. हसले ते, मी कानानं ऐकलं. भावजयीचा डोळा जाते, अन् हे हसतेत! अन् तुमी बैलावानी मान हालवता!"

"हळू बोल. शेजारी मास्तर हायेत."

"मास्तरले बी ऐकू द्या!"

मी पुस्तक मिटून बसलो. ते उघडं राहिलं असतं तरी वाचून होणार नव्हतं.

त्या दिवशी चूल पेटली. लाकडं ओली होती. संध्याकाळपर्यंत तिचा उजवा डोळा लाल होऊन सुजला. शेजारची तुळसाबाई शेळीचं दूध डोळ्यात घालायला घेऊन आली, तर कस्तुराबाईनं वाटी तिच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "दूध चहाले ठेव मावशी. माह्या डोळ्याले दूध नाही लागत, अक्कल लागते, अन् ती या घरात नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला भिंतीपलीकडून धपाधप आवाज ऐकू आले. जमिनीत सब्बल, म्हणजे पहार, घातल्यासारखे. मी बाहेर आलो तेव्हा तुळसाबाई दारातच उभी होती आणि तिच्या तोंडावर हात होता.

"अवो मास्तर, चूल फोडली! कस्तुरानं चूल फोडली!"

मी आत डोकावलो. चुलीचा ढिगारा झाला होता. तिन्ही बाजूंची माती उकरलेली, चुलीला जोडलेला वैल उलटा पडलेला, राख सगळ्या खोलीभर. कस्तुराबाई सब्बल टेकून उभी होती, पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. सुजलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ती रडत नव्हती. ते पाणी नुसतंच डोळ्याचं होतं.

"आता म्हनू द्या, आजचा दिवस चूल पेटव," ती म्हणाली.

चूल फोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडं एकत्र घरातली चूल फुटते ती एकाच वेळी, भाऊ वेगळे व्हायला निघतात तेव्हा. जुनी मोडायची आणि दोन मांडायच्या. म्हणून तुळसाबाई धावत चावडीवर गेली तेव्हा तिनं डोळ्याचं काही सांगितलं नाही, पिनेचंही नाही. ती एवढंच म्हणाली, "जगदेवभाऊ, तुमच्या घरची चूल मोडली." आणि चावडीवरच्या सगळ्यांना जे कळायचं ते कळलं.

जगदेव तिथं तांड्यावरच्या फुलसिंगशी बैलाचा सौदा बोलत बसला होता. तो उठला तोच पेटलेला. फुलसिंग मागोमाग आला. गल्लीत माणसं निघाली. मला निरोप आला, कागद, दौत घेऊन या, वाटणी लिहायची आहे.

मी गेलो तेव्हा जगदेव ओसरीवर येरझाऱ्या घालत होता आणि शेतातून बोलावून आणलेला जानराव अंगणात उभा होता, पायाला अजून चिखल.

"तोंडानं सांगाचं होतं ना जान्या! चूल कायले फोडली?"

"दादा, मी काहीच..."

"बाप गेला तवा तू एवढा होता. कोनं पाह्यलं तुले? तुह्या लग्नात मी अंगावरचं धोतर नवं नाही घेतलं! अन् आज माह्या माघारी चूल फोडते? पाह्यजे ना वाटनी? घे! विहिरीकडचं वावर घे, बैल घे. हा ओटा बी फोडून ने अर्धा!"

"मले नाही पाह्यजे वाटनी."

"मंग चूल वाऱ्यानं पाडली?"

"अरे जरा बसून बोल," फुलसिंग म्हणाला. "मास्तरले दौतीचं बूच तं उघडू दे."

"मास्तर, लिहा!" जगदेव माझ्यावरच ओरडला. मी खाली बसलो, कागद मांडीवर घेतला. तारीख लिहावी की नाही तेही कळेना.

तेवढ्यात आतून कस्तुराबाई आली. पदर पुन्हा हनुवटीपर्यंत ओढलेला. ओसरीच्या खांबापाशी येऊन तिनं भासऱ्याकडं पाठ केली. हातात तो पितळी स्टोव्ह होता. काजळीनं काळा झाला होता, कुठं कुठं पितळ दिसत होतं.

"त्या खांबाले सांगते मी," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण अंगण गप्प झालं. "वाटनी कोनालेच नाही पाह्यजे. ज्याले माह्या डोळ्याचं मालूम होतं अन् तरी हा घेतला, त्याच्या घरची चूल मी फोडली. वावरावर मी थुंकत बी नाही."

"कायचं मालूम होतं?" जगदेव खांबाला म्हणाला. "एक डोळा गेला हे साऱ्या गावाले मालूम हाये. म्हनून तं स्टोव्ह आनला!"

मागं न वळता कस्तुराबाई दोन पावलं सरकली, स्टोव्ह ओसरीच्या मधोमध ठेवला, शेजारी पिन ठेवली, आणि पुन्हा खांबापाशी गेली.

"त्याइले सांगा, डोळे मिटा अन् पिन घाला."

"काय?"

"डोळे मिटा अन् पिन घाला."

"तमाशा लावला का अथी?" जगदेवचा आवाज चढला.

"घाल ना गा," फुलसिंग म्हणाला. "लग्नात हळदीच्या पान्यात अंगठी शोधली होती तशी शोध. तवा बी बायकोच जिंकली होती तुही."

कोणी तरी फिसकन हसलं. त्या हसण्यानं जगदेव खिजला आणि रागारागानं खाली बसला. पिन उचलली, डोळे मिटले. एका हातानं बर्नर चाचपला, दुसऱ्या हातानं पिन टोचली. पितळेवर खर्र झालं. पुन्हा टोचली. तोच आवाज, जो मी भिंतीतून रोज ऐकत होतो. पिन घसरली आणि बोटात घुसली. त्यानं शिवी हासडली, बोट तोंडात घातलं, डोळे मिटलेलेच ठेवून पुन्हा टोचली, आणि पिन वाकली.

त्यानं डोळे उघडले.

"याचा मतलब काय हाये?"

"मतलब हा," कस्तुराबाई खांबाला म्हणाली, "का मले डोळे उघडे ठेवून बी तेवढंच दिसते. दुसरा बी अर्धा गेला हाये. गहू-ज्वारी मी हातानं निवडते, म्हनून कोनाले समजत नाही. वातीचा असता तं वात बोटानं लागली असती, बोटानं वर-खाली केली असती. हे दुकानात सांगतलं होतं मी. त्याइच्या कानात घातलं होतं. तरी हसले."

जगदेव बोटाचं रक्त विसरला.

"माह्या कानात? माह्या कानात कोनं घातलं हे?"

मग तो हळूहळू अंगणाकडं वळला.

"जान्या. तू तं म्हनला, तिले आवाजाचा भेव वाटते."

मला ते शब्द दुकानात ऐकल्याचं आठवलं. त्या दिवशी त्यांत मला काही वावगं वाटलं नव्हतं, कारण तिनं काय सांगितलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. आता सगळ्या अंगणानं जानरावकडं पाहिलं.

"दुकानात एवढी मानसं होती, दादा," तो पायाच्या चिखलाकडं बघत म्हणाला. "सारे हसून राह्यले होते. त्याइच्यासमोर कसं सांगू, माही बायको आंधळी हाये म्हनून? म्हनलं, घरी सांगू. मंग घरी... तू रोज एवढा खुशीत पेटवत होता."

"अन् तिले काय सांगतलं?"

"सांगतलं, दादाले सांगतलं म्हनून."

जगदेव उठला तेव्हा मला वाटलं, हा आता भावाला मारणार. हात उगारलाही होता. पण तो राग त्यानं स्टोव्हवर काढला. लाथ मारली, आणि ते पितळ ओसरीवरून खडखडत अंगणात जाऊन पडलं, त्यातलं घासलेट मातीत सांडलं. फुलसिंगनं धोतर सावरून पाय वर घेतले.

"माहा बी दिवस खराब गेला, बैलाचा बी," तो पुटपुटला.

मी कस्तुराबाईकडं बघत होतो. इतके दिवस ती भासऱ्यावर जळत होती. भाकर थापताना, खरवडताना, सब्बल घालताना तिच्या डोळ्यांपुढं त्याचं हसणं होतं. आणि ते हसणं दुसऱ्याच गोष्टीवरचं निघालं. तिनं खांब सोडला. वळली, पदरातून नवऱ्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही. आत निघून गेली आणि कडी लावली.

जगदेव बंद दाराशी न जाता खांबापाशी गेला आणि त्याला म्हणाला, "तिले सांगा, उद्या दमनी जुंपतो. तिनं निवडाचा."

आतून आवाज आला, "त्याइले सांगा, चूल पुन्हा मांडाची नाही."

"नाही मांडत म्हना."

मी दौतीला बूच लावलं.

दुसऱ्या दिवशी मीही गेलो, आधी आणलेल्या नकाशात राज्याच्या हद्दी जुन्याच होत्या, तो बदलायला. जगदेव पुढं बैलांकडं तोंड करून, कस्तुराबाई मागं रस्त्याकडं तोंड करून. जानरावला नेलं नाही. जगदेव निघताना त्याला म्हणाला, "अंगनात गोवऱ्या हायेत, कणिक हाये. आमी येऊ तवा रोडगे तयार पाह्यजेत."

दुकानदारानं पुन्हा पितळी माल पुढं करायला सुरुवात केली, तर जगदेव म्हणाला, "शेठ, तुमी मुके राहा. बाई पाह्यतीन."

ती खाली बसली. दुकानातला एकेक वातीचा स्टोव्ह तिनं पुढ्यात ओढला, आणि उरलेला डोळाही मिटून घेतला. बोटांनी वाती मोजल्या, फिरकी फिरवली, टाकीचं झाकण उघडून बंद करून पाहिलं, तवा मागवला आणि तो डुगडुगतो का ते हातानं दाबून बघितलं. एक ठेवला, दुसरा घेतला, पहिला पुन्हा घेतला. गिऱ्हाइकं खोळंबली. एकजण म्हणाला, "बाई, लगीन जमवून राह्यल्या का?" तर जगदेवनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो बाहेर जाऊन उभा राहिला. शेवटी तिनं एक हिरवा स्टोव्ह बाजूला काढला आणि खांबाला म्हणाली, "हा. अन् याच्यावर ठेवाची तारेची जाळी. भाकर शेकाले, वांगं भाजाले."

जाळी त्या दुकानात नव्हती. जगदेव तीन दुकानं हिंडून घेऊन आला.

आम्ही परतलो तेव्हा अंगणात धूरच धूर होता. वारा पडलेला, गोवऱ्या ओलसर. जानराव उकिडवा बसून फुंकत होता. रोडगे काही करपले होते, काही कच्चे होते. डोळे लालभडक, गालांवर काळे ओघळ. खोकत तो उठला, उपरण्यानं डोळे पुसत दमणीपाशी आला आणि बायकोकडं बघून म्हणाला, "कोनता आनला?"

कस्तुराबाई स्टोव्ह घेऊन उतरली. त्याच्या अंगावरून सरळ ओसरीवर गेली, खांबापाशी थांबली आणि नवऱ्याकडं पाठ केली.

"त्याइले सांगा," ती खांबाला म्हणाली, "वातीचा."

जानराव भावाकडं बघत राहिला. जगदेवनं बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं आणि वर न बघता म्हणाला,

"वातीचा, म्हनते ती."